विचाराधीन आप्पा

आप्पांना बोलतं करायला हवापाण्याची चौकशी लागत नाही. जिन्यात भेटले की एवढंच विचारायचं, "काय आप्पा, ठरलं का?" आप्पा हातातली दुधाची पिशवी कठड्यावर ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "त्याचं असं आहे..." मग दूध नासलं तरी चालतं.

काय ठरायचं आहे, हे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आप्पांकडे एक कॅमेरा आहे. निकॉन डी ५३००. २०१४ च्या दसऱ्याला घेतलेला, सोबत खोक्यातूनच आलेली १८-५५ ची किट लेन्स. आता त्यांना पुढची पायरी चढायची आहे. ती चढताना बॉडी बदलायची, की बॉडी तीच ठेवून चांगली लेन्स घ्यायची, एवढाच मुद्दा शिल्लक आहे. तो अकरा वर्षं शिल्लक आहे.

काकू म्हणतात, "मला बघायला आले होते तेव्हा बशीतले पोहे संपायच्या आत होकार दिला यांनी. जन्माचा प्रश्न होता तरी! आणि या डब्याचं झाकण निवडायला अकरा वर्षं."

"तेव्हा पर्याय एकच होता," असं आप्पा यावर एकदा म्हणाले होते. पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

पण आप्पांचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्यांची नोकरी समजून घ्यायला हवी. एका सहकारी बँकेत त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक कर्ज विभागात. त्यांच्या सहीनं दिलेलं एकही कर्ज बुडालं नाही, याचा त्यांना अभिमान आहे. त्यांच्या हाताखालचे लोक खाजगीत सांगतात की, सही झालेली कर्जंच मुळात थोडी होती. अर्जदार इकडून तिकडून पैसे उभे करून घर बांधायचा, वास्तुशांत उरकायचा, पेढे द्यायला बँकेत यायचा, आणि आप्पांच्या टेबलावर त्याची फाइल 'विचाराधीन' असायची. पेढा खाऊन आप्पा विचारायचे, "जामीनदाराचा दाखला आणलात का?"

निवृत्त होताना लोक बँकेतून घड्याळ आणतात, आप्पांनी एक कोरं लाँगबुक आणलं. आधीची दोन भरली होती. डाव्या पानावर लाल शाईत 'बॉडी', उजव्या पानावर 'लेन्स'. खाली मुद्दे, त्याखाली त्रुटी, त्याखाली शेरा आणि तारीख. शेरा कुठलंही पान उघडा, सारखाच आहे: 'पुढील महिन्यात पुन्हा पाहावे.'

वास्तविक या प्रश्नानं त्यांच्या घरात शिरायचं काही कारण नव्हतं. आप्पांच्या वडिलांकडे आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो. बॉडी आणि लेन्स एकाच डब्याला चिकटलेली, वेगळी काढायची सोयच नाही. त्यामुळे घरात शांतता होती. मुंज झाली, बारा फोटो निघाले, त्यातले सात आले, त्यांपैकी चारांत माणसांना डोकी होती. मागचा पुसटपणा, ज्याला बोके म्हणतात, तो कसा आहे हे कोणी विचारलं नाही.

दुखणं सुरू झालं ते फोर्टात. २०१४ च्या डिसेंबरात आप्पा बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत फिरत फिरत एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात शिरले आणि तिथं काचेच्या कपाटात त्यांना ती दिसली. पन्नास मिलिमीटर, एक पॉइंट आठ, डी. वाटीएवढी, काळी, अंगावर अपर्चरची कडी. भाव परवडेल असा होता. दुकानदाराला आप्पांनी बँकेत विचारतात तसं विचारलं, "माझ्या बॉडीला बसेल का?" तो म्हणाला, "साहेब, निकॉनचं माउंट १९५९ पासून तेच आहे. बसणार म्हणजे बसणारच." तो खोटं बोलला नव्हता. लेन्स खटकन बसली. फक्त फोकस होईना.

रात्री बाराला पुस्तिका धुंडाळल्यावर कारण कळलं. त्या जुन्या धाटणीच्या लेन्सच्या पोटात मोटर नसते. तिचा फोकस फिरवणारी मोटर बॉडीत असावी लागते, आणि आप्पांच्या बॉडीत ती नव्हती. ती डी ७००० च्या घराण्यात असते, डी ५००० च्या घराण्यात नसते. म्हणजे घेतलेली लेन्स नीट चालवायची तर बॉडी बदलायला हवी. बॉडी तीच ठेवायची तर लेन्स दुसरी घ्यायला हवी. बाळंतपणात राहिलेलं दुखणं जन्मभर पुरतं, तसं हे आप्पांना पुरलं.

तशी ती लेन्स हातानं कडी फिरवून वापरता येते. आप्पांनी काही दिवस वापरलीही. काकूंना गॅलरीत उभं करून कडी फिरवायला लागायचे. डोळे नीट फोकसमध्ये येईपर्यंत काकूंची पोळी करपायची, आणि पोळी करपल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव यायचे ते फोटोत शार्प यायचे. आप्पा समजावून सांगायचे, "अगं, आँरी कार्तिए-ब्रेसाँनं जवळजवळ सगळं आयुष्य पन्नासच्या लेन्सवर काढलं."

"त्यांच्या बॉडीत मोटर होती का?"

"नव्हती. हातानंच फोकस करायचे."

"मग तुमचं काय अडलंय?" 

लाँगबुकात या तारखेला काहीही नोंद नाही.

आप्पा अगदीच काही ठरवत नाहीत असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. आजवर तीनदा त्यांनी नक्की ठरवलं होतं. तिन्ही वेळा आड आलं ते भलतंच कोणी.

पहिल्यांदा ठरली ती बॉडी. २०१६ च्या दिवाळीच्या सुमारास एका ओळखीच्या माणसानं वापरलेली डी ७२०० विकायला काढली. मोटरवाली. शटर काउंट कमी, बिल जागेवर, ग्रे मार्केटचा माल नाही. आप्पांनी नऊ वेळा जाऊन पाहिली. दहाव्या वेळी हो म्हणाले. व्यवहार ४५ हजारांचा, रोखीचा. पाचशेच्या नव्वद नोटा त्यांनी स्वतः मोजून पाकिटात भरल्या, पाकीट देवापुढं ठेवलं. बुधवारी सकाळी द्यायचे होते. आदला दिवस होता मंगळवार, ८ नोव्हेंबर. रात्री आठ वाजता टीव्ही लावला. त्यानंतर देवापुढं जे उरलं, ते कागद होते. पुढचे कित्येक दिवस आप्पा बँकेत उशिरापर्यंत बसून लोकांच्या नोटा मोजत होते, आणि स्वतःच्या नव्वद नोटा त्यांनी स्वतःच्याच बँकेत, रांगेत उभं राहून भरल्या.

दुसऱ्यांदा ठरली ती लेन्स. तोवर आप्पांचं तत्त्वज्ञान पक्कं झालं होतं. "अरे, लेन्स म्हणजे जमीन आणि बॉडी म्हणजे गाडी. गाडी शोरूमच्या बाहेर काढली की भाव उतरला. दर दोन वर्षांनी नवं मॉडेल. जमीन मुलाबाळांना जाते. १९५९ पासून एकच माउंट, म्हणजे सातबारा स्वच्छ." या तत्त्वावर त्यांनी पक्ष्यांसाठी २००-५०० घ्यायची ठरवली. ती सव्वादोन किलोंच्या पुढं भरते, म्हणून आधी महिनाभर रोज सकाळी गव्हाच्या पिठाची पिशवी उचलून हाताला सवय केली. २३ ऑगस्ट २०१८ ला निकॉननं झेड मालिकेचे मिररलेस कॅमेरे जाहीर केले. माउंट नवं. तोंडाचा आतला व्यास ४४ मिलिमीटरचा ५५ झाला, लेन्स आणि सेन्सर यांमधलं अंतर साडेसेहेचाळीसवरून सोळावर आलं. आप्पांनी बातमी वाचली आणि पिठाची पिशवी खाली ठेवली. "सर्व्हे नंबरच बदलले रे," ते म्हणाले. कंपनीनं जुन्या लेन्ससाठी जोडतुकडाही काढला होता, पण त्यातही मोटर नव्हती. फोर्टात लागलेलं दुखणं नव्या घराण्यातही बरं होणार नव्हतं.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी कमाल केली. निवृत्तीचे पैसे आले होते. दोन्ही घ्यायचं ठरवलं! बॉडीही नवी, लेन्सही नवी. काकूंनी विरोध केला नाही, उलट सुटकेचा निःश्वास टाकला. मुहूर्त गुढीपाडव्याचा. साल २०२०, पाडवा २५ मार्चला. दुकानं आधीच बंद होत आली होती, तरी आप्पांची आशा सुटली नव्हती. आदल्या रात्री आठ वाजता त्यांनी टीव्ही लावला. पुढचं आपणा सर्वांना माहीत आहे.

तेव्हापासून आप्पा रात्री आठ वाजता टीव्ही लावत नाहीत. आणि काकूंनी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे, "अहो, तुम्ही काही ठरवत जाऊ नका. देशावर संकट येतं."

आता यातली खरी गंमत सांगतो. स्वतःच्या बाबतीत असा चिखल झालेला हा माणूस दुसऱ्याच्या बाबतीत सर्जनसारखा चालतो. रविवारी दहानंतर आप्पांकडे लोक येतात. आधी सोसायटीतले यायचे, आता डहाणूकर कॉलनीतून, वारज्यातूनही येतात. आप्पा दिवाणखान्यात टेबलामागं बसतात, समोर खुर्ची. अर्जदार बसला की तीन प्रश्न.

"काय काढता? कुठं काढता? आणि किती मोठा छापता?"

तिसऱ्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला एकदा आला होता. घरात दोन वर्षांची मुलगी, तिचे फोटो हलतात, म्हणून फुल फ्रेम बॉडी घ्यायला निघालेला. मी तिथंच होतो.

"किती मोठा छापतोस?"

"छापत नाही. आईबाबांना व्हॉट्सॲपवर पाठवतो."

आप्पांनी पेन उचललं. "चार बाय सहाचा फोटो उत्तम छापायचा तर इंचाला तीनशे ठिपके धर. बाराशे गुणिले अठराशे. साडेएकवीस लाखांच्या आसपास. तुझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लाख ठिपके आहेत. आणखी कुणाला द्यायचेत? तुझं दुखणं ठिपक्यांचं नाही, उजेडाचं आहे. किट लेन्स लांब केलीस की तिचं तोंड पाच पॉइंट सहापर्यंतच उघडतं. पस्तीसची एक पॉइंट आठ घे. जवळजवळ दहापट उजेड आत येतो. आज तुझं शटर एक विसांश सेकंदाला रखडतंय, ते दोनशेव्या भागाला मारता येईल. पोरगी नाचली तरी हलणार नाही. नवी बॉडी घेतलीस तर दुपटीच्या आसपास फायदा, आणि त्यासाठी चौपट पैसे. मंजूर. पुढचा कोण?"

पुढची एक कॉलेजातली मुलगी होती. कबड्डीचे सामने काढणारी. तिच्याकडं चांगली लेन्स आधीच होती. आप्पांनी तिचे शंभरेक फोटो मोबाईलवर पाहिले. चढाई करणारा पुसट आणि मागचा पंच शार्प, असे त्यातले निम्मे. "उजेड पुरतोय, लेन्स पुरतेय," आप्पा म्हणाले, "बॉडीला माणूस कुठं चाललाय ते कळत नाही. फोकस मागं पडतो. तुझी बॉडी बदल. लेन्सला हात लावू नकोस." पाच मिनिटांत निकाल. तिच्याकडून जामीनदारही मागितला नाही.

ही पद्धत इतकी सरळ आहे की आता मलाही पाठ झाली आहे. अंधारात हलतं, मागचं पुसट हवं, लांबचं जवळ हवं, तर लेन्स. फोकस चुकतो, किंवा चांगली लेन्स लावूनही अंधारात दाणे येतात, किंवा घेतलेली लेन्स बॉडी चालवूच शकत नाही, तर बॉडी. आणि फोटोत काय आहे हेच बघणाऱ्याला कळत नसेल, तर दोन्ही घेऊ नयेत, पहाटे उठावं. शेवटचं कलम आप्पांचंच आहे, पण ते सगळ्यांना सांगत नाहीत.

"मग आप्पा, तुमचं काय?" मी एकदा न राहवून विचारलं.

आप्पांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "माझी केस गुंतागुंतीची आहे."

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सोसायटीची सहल भिगवणला गेली. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, सोलापूर रस्त्यावर. उजनीच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. कुंभारगावच्या काठावरून पहाटे होड्या सुटतात. आमच्या होडीत पाच कॅमेरे होते आणि त्यातले चार आप्पांच्या सल्ल्यानं घेतलेले. एकाकडं २००-५००, एकाकडं १५०-६००. लांबलचक नळकांडी, वर वाघाच्या अंगासारखं कापड चढवलेलं. पाचवा कॅमेरा आप्पांचा. १८-५५.

धुक्यातून गुलाबी रांग दिसली आणि चारी नळकांडी एकदम तिकडं वळली. तोफखानाच तो! आप्पांनीही कॅमेरा डोळ्याला लावला. मी नंतर पडद्यावर पाहिलं. खूप पाणी, खूप आकाश, आणि मधोमध तिळगुळावरच्या हलव्याएवढे सात-आठ दाणे. आप्पांनी ते पुसून टाकलं आणि मग तासभर त्यांना काही कामच नव्हतं. बाकीचे पक्षी टिपत होते, "आयएसओ किती ठेवलाय?" म्हणून एकमेकांना विचारत होते, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आप्पा देत होते. स्वतःचा कॅमेरा त्यांनी होडीतल्या माणसांकडं वळवला.

होडीत तळमजल्यावरचे मास्तर होते. ऐंशीच्या पुढचे, गणित शिकवून निवृत्त झालेले, कानटोपी घातलेले. पक्ष्यांत त्यांना रस नव्हता. घरून आणलेली गुळपोळी ते नावाड्याच्या पोराला देत होते आणि मोबदल्यात त्याला सातचा पाढा म्हणायला लावत होते. पोरगं सात सक्कं बेचाळीसला अडलं आणि नावाडी मागून ओरडला, "पन्नास!" मास्तर हसले. कानटोपी मागं सरकली, तोंडात होते तेवढे दात दिसले. आप्पांच्या कॅमेऱ्याचा एक खट्ट आवाज झाला. त्या वेळी कोणाचं लक्ष नव्हतं, कारण रोहित उडाले होते.

परत आल्यावर चार कॅमेऱ्यांतले मिळून अडीच हजार रोहित ग्रुपवर आले. चार दिवसांनी लोक 'छान' म्हणायचेही थांबले.

गेल्या पावसाळ्यानंतर आप्पांनी कपाट आवरलं. फोर्टातली ती पन्नासची लेन्स एका चामड्याच्या पिशवीत, कपड्यांच्या मागं ठेवलेली होती. चामडं ओल धरून ठेवतं, लेन्सला हवा हवी, कोरडा डबा हवा, सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, हे सगळं आप्पा दर रविवारी लोकांना सांगत आले होते. त्यांनी लेन्स उजेडात धरली. आत पांढरं, नाजूक, कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलेलं. फंगस. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, साफ करायला लेन्सच्या किमतीहून जास्त लागतील. आप्पांनी लाँगबुकात उजव्या पानावर नोंद केली: 'तारण नष्ट.' काकूंनी त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. रात्री साबुदाण्याची खिचडी केली, आप्पांना आवडते म्हणून.

मास्तर गेले ते मार्गशीर्षात, झोपेतच.

अशा वेळी घरात कितीतरी कामं निघतात आणि त्यातलं एक ऐनवेळी आठवतं. फोटो. मास्तरांचे फोटो मोबाईलमध्ये शेकड्यानं होते. पण एकात नातीच्या सेल्फीच्या कोपऱ्यात अर्धा कान, दुसऱ्यात केकमागं तोंड, तिसऱ्यात डोळे मिटलेले. आधार कार्डावरचा फोटो पाहून तर त्यांच्या सुनेला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. शेवटी तिनं मला वर पाठवलं.

आप्पांनी कॉम्प्युटर लावला. त्यांच्याकडं सगळं तारीखवार आहे, बँकेतलाच माणूस. २०१४ पासूनचे आमच्या सोसायटीचे गणपती, कोजागिरी, हळदीकुंकू, पाण्याच्या टाकीची पूजा. पक्षी नाहीत, वाघ नाहीत, सूर्यास्त नाही, कारण ते काढायला योग्य ते साहित्य अजून आलेलं नाही. नुसती माणसं. तोवर वेळ काढायला म्हणून काढलेली.

भिगवणचा मास्तरांचा फोटो उघडला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. मागं धुक्याचं पाणी, कानटोपी सरकलेली, आणि आत्ताच कुणीतरी चुकीचं उत्तर दिलंय याचा मास्तरी आनंद डोळ्यांत.

"पंचावन्नला काढलाय," आप्पा म्हणाले. "फिल्मच्या हिशेबात साडेब्याऐंशी. पोर्ट्रेटला बरी पडते ती." मग डोळे बारीक करून, "पण कोपरे सॉफ्ट आहेत रे. किट लेन्स. बारा बाय अठराला उठून दिसेल."

फोटो घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडं गेलो. त्यानं फोटो पाहिला, आप्पांकडं पाहिलं, आणि ओळख पटून म्हणाला, "तुमचाच ना हा पण? कारखानीसांच्या आजोबांचा, बी विंगमधल्या बाईंचा, त्या पोस्टातल्या साहेबांचा, सगळे तुमच्याकडूनच आलेले." पट्टी मोजता मोजता तो अगदी सहज म्हणाला, "तुमच्या सोसायटीतले सगळे यांच्याच कॅमेऱ्यातून गेले."

आप्पा दचकले. मीही दचकलो. पण घरी येताना मनातल्या मनात मोजत आलो, तर तो म्हणतो ते खरं होतं. आमच्या सोसायटीत गेल्या दहा वर्षांत भिंतीवर गेलेलं प्रत्येक माणूस आप्पांच्या त्या जुन्या बॉडीतून आणि त्या कोपरे सॉफ्ट असलेल्या लेन्समधूनच भिंतीवर गेलं आहे. आणि सगळे हसताहेत.

तेराव्याला मास्तरांच्या घरी पाटावर तो फोटो मांडला होता. जेवणं झाल्यावर आप्पा हळूच फोटोजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून वरचा डावा कोपरा तपासू लागले.

"पस्तीसची असती ना, तर..." ते पुटपुटले.

काकू मागून आल्या. हार जरा डावीकडं घसरला होता, तो त्यांनी सरळ केला. दोन्ही कोपरे झेंडूखाली गेले.

"दिसताहेत का कुठं?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी नीट पाहिलं. "नाही," ते म्हणाले. अकरा वर्षांत स्वतःच्या बाबतीतल्या एखाद्या प्रश्नाला त्यांनी इतक्या झटकन उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

फ्रेमवाल्याचं ते वाक्य सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात कारखानीस आजी काठी टेकत वर आल्या. नऊवारी, नथ, सगळा जामानिमा. "आप्पा, माझा काढून ठेव रे आत्ताच," त्या म्हणाल्या, "नवे दात बसवलेत तोवर. नंतर ही पोरं कुठला तरी लावतील." आप्पांनी त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि विचारलं, "आजी, आजोबा पहिल्यांदा पोहायला गेले तेव्हा काय झालं होतं हो?" आजी हसल्या. खट्ट.

परवा जिन्यात आप्पा भेटले. सवयीनं मी विचारलं, "काय आप्पा, ठरलं का?" त्यांनी दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली. नवीन लाँगबुक आणलंय म्हणाले. डावं पान, उजवं पान, आखून ठेवलंय. झेडमध्ये आता बरंच चांगलं यायला लागलंय, पण पुढच्या वर्षी भाव उतरतील असं दिसतं.

तुमचंही बॉडी की लेन्स असं काही अडलं असेल तर आप्पांकडं जरूर जा. रविवारी दहानंतर असतात. तीन प्रश्न विचारतील, पाच मिनिटांत उत्तर देतील, आणि ते बरोबर असेल. निघताना दारापाशी उभं करून ते तुमचा एक फोटो काढतील. नाही म्हणू नका.

आणि दाढी करून जा.